हिरा, तुझा कागद माझ्या खिशातच राहिला

हिरा, तुला जाऊन आज सोळा दिवस झाले आणि मी अजून तुझ्यावर थोडा चिडलेलाच आहे. शहाद्याच्या शाळेत एका बाकावर बसलो तेव्हापासून आपण एकमेकांवर चिडतच आलो, ती सवय सोळा दिवसांत कशी जाईल? तू बोलायचास, मी ऐकून घ्यायचो, मग मी एखादंच वाक्य बोलायचो आणि तू दोन दिवस माझ्या दुकानाकडे फिरकायचा नाहीस. आता मी एवढं सगळं बोलणार आहे आणि तुला रुसायचीही सोय नाही.

मला फार थकल्यासारखं झालंय. सकाळी दुकान उघडतो, शिलाई मशीनच्या पायपट्टीवर पाय ठेवतो आणि तसाच बसून राहतो. समोर एका मास्तरांची पँट कापून पडली आहे. ते दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा मी म्हणालो, उद्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि निघून गेले. त्यांनाही ठाऊक आहे, कोण गेलं ते.

तू कधी जन्मलास, लोणखेड्याच्या कॉलेजात किती वर्षं नोकरी केलीस, मुख्य लिपिक कधी झालास, हे सगळं तुझ्या घरच्यांनी पेपरात दिलंय. फोटोही चांगला आहे, शर्ट मी शिवलेला. मला त्यातलं काही सांगायचं नाही. मला त्या कागदाबद्दल बोलायचं आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी मुलगी रेहाना सुट्टीवर नाशिकहून आली होती आणि दुकानात माझ्यासोबत बसली होती. तू दुपारी आलास, फायलीतून एक कागद काढलास आणि कटिंगच्या टेबलावर ठेवलास. तुझं ते गोल, टपोरं, ऑफिसातलं अक्षर. 'मी, हिरालाल सखाराम पाटील, कोणताही धर्म मानत नाही. माझ्या मृत्यूनंतर कोणताही धार्मिक विधी करू नये. माझा देह वैद्यकीय महाविद्यालयास द्यावा.' खाली साक्षीदार म्हणून दोन ओळी आखून ठेवलेल्या. एक माझ्यासाठी, एक माझ्या पोरीसाठी.

मी वाचलं आणि म्हणालो, "हा कागद घर ठेव. वैनीले दखाड."

"घर ठेवा ते शोभा रडी. मन्हा पोऱ्या नितीन फाडी टाकी. म्हनीसन तुन्हाकडे ठेवस," तू म्हणालास. "तू आमना भाऊबंदमा येस नही. तुन्हावर कोन दबाव टाकी?"

"हिरा, त्याच कारणानी मी नको."

तू हसलास. तुला वाटलं मी नेहमीसारखा आडवा बोलतोय. रेहानाने आधीच सही केली होती. मग मीही केली. कागद मशीनच्या खणात गेला. त्यानंतर आपण दोघांनी त्याचा विषय काढला नाही. तू अजून खूप जगणार होतास ना.

तू गेलास तेव्हा नितीन पुण्याहून घरी आलेला होता; त्या दिवशी सकाळी सातला त्याचा फोन आला. "उस्मानकाका, पप्पा गये." पहाटे छातीत दुखलं, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मी दुकानात गेलो, खणातून कागद काढला, घडी करून खिशात ठेवला आणि तुझ्या घरी आलो. वाटेत मनाशी वाक्यं जुळवत होतो. आधी नितीनला बाजूला घ्यायचं, मग कागद द्यायचा. मेडिकल कॉलेजवाल्यांना वेळेत फोन करावा लागतो, हे तूच सांगितलं होतंस.

पण अंगणात बांबू येऊन पडले होते. तापीकाठच्या प्रकाशा गावाहून तुझे भाऊबंद पोचले होते. कुणी मडकं आणलं होतं, कुणी फुलं. तुझ्या काकांनी मला पाहिलं, खुर्ची दिली, हातात चहाचा कप दिला आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. नव्वदीचा म्हातारा माणूस. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो आणि दुसऱ्या हाताने खिशातला कागद चाचपत राहिलो.

माझ्या मनात काय चाललं होतं ते तुला सांगतो. मला दिसत होतं की मी उठतो, कागद वर करतो आणि म्हणतो, याला अग्नी देऊ नका. आणि अंगणातल्या लोकांना काय दिसतं? उस्मान शिंपी पाटलाच्या मयतीला अग्नी देऊ नका म्हणतोय. तुझी माणसं वाईट नाहीत, हिरा. त्यांच्या हातचं मी लहानपणापासून खाल्लंय. पण भिंतीपाशी चार-पाच जण मोबाईल घेऊन उभे होते. ते मला ओळखत नव्हते. संध्याकाळपर्यंत माझं तोंड, माझी टोपी आणि अर्धंच वाक्य कुठल्या कुठे गेलं असतं. माझ्या दुकानाच्या पाटीवर माझं नाव आहे.

तुला हे कधी कळलं नाही. समजावून सांगायचा प्रयत्न केला तेव्हाही कळलं नाही. तुझ्यात धर्म उरला नव्हता, पण लोकांच्या नजरेत तू पाटील होतास, शेवटपर्यंत. आपल्या घरात उभं राहून आपल्या माणसांशी भांडायची मुभा तुला होती. तू ते भांडण माझ्या हातात दिलंस. माझी ती जागाच नव्हती.

मी कागद काढला नाही. खांदा दिला. स्मशानात मागे उभा राहिलो आणि दुपारी घरी आलो.

रेहानाचा फोन आला. "अब्बा, कागज दिया?"

"नहीं."

ती म्हणाली, "चाचा ने आप को दिया था."

"हां."

तिने फोन ठेवला. हिरा, माझ्या पोरीने माझ्याशी असं बोलणं तोडण्याची ही दुसरी वेळ. दोन्ही वेळा कारण तू.

पहिली वेळ तुला आठवतच असेल. ती बारावी झाली आणि लोणखेड्याला ॲडमिशन घ्यायला गेली. तू खिडकीच्या आत बसला होतास, मी बाहेर रांगेत. तिने फॉर्म भरला आणि धर्माचा रकाना कोरा सोडला. मी मागून पाहिलं. म्हणालो, राहिलाय तो. ती म्हणाली, "राहिला नाही. सोडलाय." आणि तिने तुझ्याकडे पाहिलं. मला तेव्हा उमगलं की हे तुम्हा दोघांचं आधीच बोलून झालंय. तुझ्याकडे ती गणित शिकायला यायची. तू तिला गणिताशिवाय आणखी काय काय शिकवत होतास, देव जाणे.

तू खिडकीतून शांतपणे म्हणालास, "चालस. ऱ्हाऊ दे कोरा."

मी तिच्या हातातलं पेन घेतलं आणि रकाना भरला. सगळ्या रांगेसमोर. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तू खिडकी बंद केलीस, जेवणाची सुट्टी म्हणून, आणि मागच्या दाराने बाहेर येऊन माझ्यावर ओरडलास. इतक्या वर्षांत तेवढं एकदाच.

"पोर अठरानी शे. तू कोन तिना रकाना भरणारा?"

"हिरा, तिनं नाव रेहाना उस्मान शे. तिना रकाना तिना नावनी आधीच भरी टाकेल शे. तू कोरा सोडस ते लोके तुले हुशार म्हनतीन. ती सोडी ते तिले दोन्हीकडला इचारतीन, तू कोन."

"मंग इचारू दे ना."

"तू उत्तर देवाले ये मंग."

त्यानंतर सहा महिने तू दुकानात आला नाहीस. कपडे दुसऱ्याकडे शिवलेस. बाह्या आखूड झाल्या होत्या, लांबूनही दिसायचं. मी हसायचो नाही. मलाही काही सुचत नव्हतं. मग एक दिवस तू तो शर्ट घेऊन आलास आणि म्हणालास, बाही लांब करता येईल का. मी म्हणालो, त्याने आत जादा कापड दुमडून ठेवलंच नाहीये, कुठून लांब करू. तेवढ्यावर आपलं पुन्हा सुरू झालं. त्या भांडणाचा निकाल मात्र लागला नाही. मी चूक होतो असं मला आजही वाटत नाही. तू चूक होतास असंही वाटत नाही. हे तुला तोंडावर सांगायला हवं होतं.

त्यानंतरच तुला ते वेड लागलं. दर वर्षी ॲडमिशन संपल्या की संध्याकाळी तू दुकानात यायचास, चहा मागवायचास आणि सांगायचास, यंदा किती पोरांनी रकाना कोरा सोडला, किती जणांनी 'नाही' लिहिलं. आधी एखादाच असायचा. मग दोन-तीन. मग तू एका हाताची बोटं मोडायचास, मग दोन्ही हातांची. तुझा चेहरा असा व्हायचा की घरात मूल जन्मलंय.

"आमना वाढी ऱ्हायनात, उस्मान."

"वाढीसन काय करतीन?"

"काय म्हंजे? माणूस म्हनीसन जगतीन."

"आनि आम्ही काय म्हनीसन जगी ऱ्हायनूत?"

यावर तू चहा पिऊन टाकायचास.

एकदा तू अक्कलकुव्याकडच्या डोंगरातल्या एका मुलीला दुकानात घेऊन आलास, सुनीता नाव. पोलीस भरतीसाठी ट्रॅकसूट आखूड करून घ्यायचा होता. तू मोठ्या अभिमानाने म्हणालास, ही पण आमच्यातली, हिनेही कोरा सोडला. पोरगी बारीक आवाजात म्हणाली, "सर, मी सोडला कारण आमची याहामोगी माता कुठल्या रकान्यात लिहायची ते कळलं नाही. आधीच्या शाळेत मास्तरांनी त्यांच्या मनानेच काहीतरी लिहून टाकलं होतं." मी मान खाली घालून टीप मारत राहिलो. तू लाल झालास. ती गेल्यावर मी एवढंच म्हणालो, "सगळा कोरा तुन्हाच नही, हिरा." तू त्या संध्याकाळी चहाही पूर्ण प्यायला नाहीस. पण पुढल्या वर्षी मी पाहिलं, तू तिला पुस्तकं देत होतास, तिच्या भरतीचे फॉर्म भरून देत होतास. ती देव मानते म्हणून तुझं काही अडलं नाही. हे तुझं मोठेपण मी कधी बोलून दाखवलं नाही. तुझ्या डोक्यात हवा गेली असती.

दहाव्याला मी प्रकाशाला आलो होतो. नितीनने गाडी पाठवली होती. नाही कसं म्हणू? बॅरेजमुळे तापीला पाणी भरपूर होतं. उन्हाने पायऱ्या तापल्या होत्या. मी वर, एका झाडाच्या सावलीत उभा राहिलो, कागद खिशात. का घेऊन गेलो होतो, मलाच माहीत नाही. त्या दहा दिवसांत शर्ट बदलला की कागद या खिशातून त्या खिशात जायचा.

पिंड ठेवले. सगळे मागे सरले आणि वाट पाहू लागले. कावळे होते. समोरच्या भिंतीवर तीन-चार बसलेले. पण उतरेनात. पाच मिनिटं, दहा मिनिटं. गुरुजी म्हणाले, त्यांची काही इच्छा राहिली असेल तर बोला. नितीन हात जोडून बोलू लागला. पप्पा, मी घराचा वरचा मजला बांधेन. पप्पा, मी दर महिन्याला येईन. पप्पा, मी सिगारेट सोडेन. त्याचं मुंडण केलेलं डोकं उन्हात चमकत होतं आणि आवाज फाटत चालला होता. तू असतास तर काय म्हणाला असतास ते मला शब्दन् शब्द ठाऊक आहे. पण तो मुलगा खरंच तुझ्याशी बोलत होता, हिरा. मोठा झाल्यापासून तुझ्याशी तो इतका कधी बोलला असेल असं मला वाटत नाही.

मग त्याने मान वळवली आणि मला शोधलं. "उस्मानकाका, पप्पांनी तुमले काही सांगेल व्हतं का?"

सगळे माझ्याकडे वळले. मी चार पायऱ्या उतरलो. बायकांच्या घोळक्यातून वैनी माझ्याकडे पाहत होत्या. पदर डोक्यावर, डोळे कोरडे. माझा हात खिशाशी गेला. मला विचारण्यात आलं होतं, सगळ्यांच्या समोर, तुझ्या मुलाकडून. यापुढे कुणी म्हणू शकलं नसतं की उस्मानने आपणहून नाक खुपसलं.

मी म्हणालो, "तुन्ही मायले एकली पाडू नको. इतलंच म्हने तो."

तू असं कधीच म्हणाला नव्हतास. मी खोटं बोललो, तेही नदीकाठी, तुझ्या नावाने. नितीनने तेच वाक्य हात जोडून म्हटलं आणि ढसाढसा रडला. कावळा तरीही आला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून त्याच्याकडून शिववून घेतलं आणि लोक उन्हाला कंटाळून जेवणाकडे वळले. यावर तू खूप हसला असतास. मलाही हसू यायला हवं होतं, आलं नाही.

आणखी एक उत्तर तुला द्यायचं राहिलंय. तू जायच्या चारच दिवस आधी दुकानात बसला होतास. जनगणनेचं बोलणं चाललं होतं. तू म्हणालास, माणूस दारात आला की मी सांगणार, धर्म नाही म्हणून लिहा. आणि मग मला विचारलंस, "उस्मान, खरं सांग. तू मानस का नही?" मी म्हणालो, थांब, गिऱ्हाईक आलंय. गिऱ्हाईक खरंच आलं होतं, पण ते गेल्यावरही मी उत्तर दिलं नाही आणि तू पुन्हा विचारलं नाहीस.

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, हिरा. मशिदीत विचारत नाहीत, तिथे मी रांगेत उभा असतोच. बाजारात विचारत नाहीत, तिथे माझं नाव पुरतं. घरात कुणी विचारायची हिंमत करत नाही. तर ऐक. काही दिवस मानतो. काही दिवस नुसता उभा राहतो आणि वाकतो, कारण बाजूचा वाकतो आणि त्याच्यासोबत वाकण्यात जिवाला बरं वाटतं. रेहानाची अम्मी गेली तेव्हा तीन दिवस माझ्या घरी चूल पेटली नाही. मोहल्ल्यातून डबे येत होते. कुणी विचारलं नाही मी किती मानतो. ते लोक त्या तीन दिवसांत आले नसते तर मी आज इथे मशीनवर बसलेला नसतो. म्हणून मी तिथे जातो. हे मानणं असेल तर मी मानतो. तुला हे उत्तर अर्धवट वाटलं असतं. माझ्याकडे एवढंच आहे.

तेराव्याला गंधमुक्ती झाली, पाहुणे गेले. नितीनला पुण्याला परतायचं होतं, तो चौदाव्या दिवशी निघाला. त्याच दुपारी मी तुझ्या घरी गेलो. वैनी एकट्याच ओट्यावर बसल्या होत्या. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, वाचला आणि घडी केली.

"माले माहीत व्हतं," त्या म्हणाल्या.

"कव्हयपासून?"

"त्यासनी लिखं तव्हयपासून. कच्चा लिखेल कागद मी कपाटमा दखेल व्हता."

मी इतके दिवस अंगावर निखारा बाळगल्यासारखा हिंडत होतो. मी म्हणालो, "मंग तुम्ही काबरं बोलनात नहीत, वैनी? त्यानी इच्छा व्हती."

त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "उस्मानभाऊ, तेरा दिन मन्हं घर भरेल व्हतं. कोनी पानी भरे, कोनी भाकरी टाके, दोन बाया मन्हाजोडे झोपेत. विधी नही, ते मंग कोन येतं? काय निमितवर येतं? त्यासनी त्या कागदमा स्वतःनं लिखं. देह कोठे देवाना ते लिखं. मन्हं काय लिखेल शे त्यामा?"

मी पुन्हा कागद पाहिला नाही. मला पाठ होता. त्यात त्यांचं नाव कुठेच नव्हतं.

"आनि प्रकाशाले तुम्ही जे सांगं ना," त्या म्हणाल्या, "ते त्यासनी कव्हयच म्हनं नसतं. पन बरं व्हयनं तुम्ही म्हनात."

हिरा, मी तुला दोष देत नाही. देतोही. तू हुशार होतास, स्वच्छ होतास, एका फॉर्मसाठी तू कधी कुणाला दोन खेटे घालायला लावले नाहीस. सगळं सोडून द्यायची ताकद तुझ्यात होती. पण जे सोडलंस त्याच्या जागी बायकोच्या उशाशी कोण झोपायला येणार, हा विचार तू केला नाहीस. मीही तुला विचारलं नाही. मला सुचलंच नाही, कारण मलाही ते सगळं आयतंच मिळालं होतं.

काल संध्याकाळी मी पुन्हा गेलो. आता रोज जायचं ठरवलंय, ओट्यावर बसायचं, पाणी प्यायचं, यायचं. काल अंगणात आधीच चपला होत्या. तुझी सहा-सात पोरं आली होती, कोऱ्या रकान्यावाली. काही अजून कॉलेजात आहेत, काही नोकरीला लागलीत. सुनीताही होती, अंगावर पोलिसाची वर्दी. ती भरती झाल्याचं तू मला सांगितलं होतंस. सगळी सतरंजीवर अवघडून बसली होती, परीक्षेच्या हॉलमध्ये बसल्यासारखी. कुणी हार आणला नव्हता, कुणी फोटोला हात जोडले नव्हते, आणि हातांचं काय करायचं ते कुणालाच कळत नव्हतं. एकाने मला हळूच विचारलं, "काका, आता काय करायचं असतं?" मी म्हणालो, "बसायचं."

वैनींनी विचारलं, "इतला दिन कोठे व्हतात रे? प्रकाशाले काबरं उनात नहीत?"

सुनीता म्हणाली, "सरांना ते पटत नव्हतं, मावशी. आम्ही तिथे आलो असतो तर सरांचा अपमान झाला असता, असं वाटलं."

"तुमना सर तठे नव्हतात," वैनी म्हणाल्या. "मी व्हतू."

सुनीताने खाली पाहिलं. "चुकलं आमचं," ती म्हणाली.

मग हळूहळू बोलणं निघालं. एकाची फी भरायची मुदत गेली होती, तू मोटरसायकलवर त्याच्या गावी निरोप द्यायला गेला होतास. एका मुलीच्या घरी तिचं लग्न ठरवत होते, तू तिच्या बापासमोर दोन तास नुसता बसून राहिलास, एक शब्द बोलला नाहीस, आणि बाप स्वतःच कंटाळून म्हणाला, बरं, शिकू द्या. वैनींना यातलं काही ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. त्या ऐकता ऐकता पहिल्यांदा रडल्या. त्या रडताना ती पोरं घाबरली नाहीत. सुनीता उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली. दुसरी आत जाऊन पाणी घेऊन आली. कुणीतरी शेंगा घेऊन आलं होतं, त्या सोलायला सगळी बसली.

वैनींनी डोळे पुसले आणि सुनीताला विचारलं, "तुमनाकडे डोंगरमा माणूस गया ते काय करतस?"

"सगळं गाव येतं, मावशी. कुणाला बोलवावं लागत नाही."

"ते गावनं. आनि तुम्ही, रकाना कोरा सोडणारा, तुमनामा काय करतस?"

सुनीताने बाकीच्यांकडे पाहिलं. ती म्हणाली, "अजून ठरलं नाही, मावशी."

वैनींनी हातातली शेंग फोडली, दाणे ताटात टाकले.

"मंग ठरावा लवकर," त्या म्हणाल्या. "ठरस तवलोंग येत जा."

परवा रविवार आहे. ड्युटी नसेल तर येते, असं सुनीता सांगून गेली आहे.